वाइडबँड सेन्सर सायलेन्सरमध्येच ठेवून कॅलिब्रेट होतो का?

वाइडबँड सेन्सर म्हणजे इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचं मिश्रण कसं आहे ते सांगणारा सेन्सर, आणि कॅलिब्रेट करणं म्हणजे त्याचं माप जुळवणं. त्याबद्दल आर्वी-हिंगणघाटकडच्या मेकॅनिक मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक निरोप फिरतोय: 'इंजिन बंद करा, बटन दाबा, सेन्सर काढायची गरज नाही.' भाऊ, हे चुकीचं आहे.

मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो आणि कंट्रोलर (सेन्सरला जोडलेला, रीडिंग काढणारा डबा) कॅलिब्रेट करताना त्यालाच माप धरतो. इंजिन बंद केलं तरी पाइपात जळका धूर नि पेट्रोलची वाफ साचून राहते. कंट्रोलर तो कमी ऑक्सिजनच २०.९ समजतो आणि पुढचं प्रत्येक रीडिंग फुगवतो. गंमत अशी, की लॅम्डा १ (हवा-पेट्रोल नेमक्या प्रमाणात) जवळ चूक जवळपास दिसतच नाही, म्हणून आयडलवर सगळं ठीक वाटतं. फुल थ्रॉटलवर मात्र मिश्रण आहे त्याहून रिच (जास्त पेट्रोलचं) दिसतं, आपण पेट्रोल कमी करतो आणि पिस्टन जातो.

म्हणून सेन्सर काढा, वायर जोडलेली ठेवून बाहेर लटकवा, पूर्ण तापू द्या, मगच बटन. शेजारी ट्रॅक्टर धडधडत असेल तर आधी तो बंद करायला सांगा. तापलेल्या टोकाला हात लावू नका, आत सातशे अंशांच्या वर तापमान असतं.

प्रत्येक कंट्रोलरला हे लागतंच असंही नाही. बॉश कंपनीचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड सेन्सर वापरणारे काही कंट्रोलर कनेक्टरमधल्या रेझिस्टरवरूनच माप घेतात, तेव्हा माहितीपुस्तिका बघा. तो कनेक्टर मात्र कापू नका.