‘३ रुपयांना घेतात, १२ ला विकतात’: सोलरबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय: महावितरण तुमच्या छतावरची वीज ३ रुपयांना घेतं आणि रात्री तुम्हालाच १२ रुपयांना विकतं, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये तयार झालेली वीज आता रात्री वापरता येत नाही, सोलर लावूनही बिल येतंच, आणि लाईट गेली की सोलरही बंद. म्हणून पैसे पाण्यात घालू नका. आमच्या शेजारच्या काकांनी हे वाचून ठरलेलं काम थांबवलं, म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट ३ आणि १२ रुपयांची. आमच्या जिन्याखाली नेट मीटर आहे. त्याच्या डिस्प्लेवर दोन आकडे आळीपाळीने येतात, घेतलेल्या युनिटचा आणि दिलेल्या युनिटचा. दुपारी घरात फक्त फ्रिज आणि एक पंखा चालू असतो, तेव्हा दुसरा आकडा पुढे सरकतो. रात्री एसी लागला की पहिला. महिनाअखेर त्यांची वजाबाकी होते. समजा २५० युनिट घेतली आणि २१० दिली, तर बिल ४० युनिटचं. यात खरेदी-विक्री कुठेच नाही, युनिटला युनिट वळतं होतं. शिवाय दिवसा सोलरची जी १२० युनिट घरातच वापरली, ती मीटरपर्यंत गेलीच नाहीत. म्हणजे या घराचा खरा वापर ३७० युनिट. सोलर नसतं तर बिल ३०० च्या वरच्या महागड्या टप्प्यात गेलं असतं. आता ते १०० च्या आतल्या, सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसतं. वाचतात ती आधी महागडी युनिट, आणि त्यांच्यावरचा वहन आकार (तारांवरून वीज आणण्याचा युनिटमागचा खर्च) आणि वीज शुल्कही वाचतं. मेसेज लिहिणाऱ्याने हे टप्पे धरलेलेच नाहीत.

मग ३ रुपये आले कुठून? बहुधा ३१ मार्चवरून. जास्तीची युनिट महिन्यामागून महिना पुढे सरकतात, पण आर्थिक वर्ष संपताना जी उरतात त्यांचे पैसे मिळतात, आणि तो दर आपल्या बिलातल्या दराच्या जवळपासही नसतो. ही तक्रार खरी आहे आणि ती जोरात करायला हवी. थंडीत वापर कमी, ऊन स्वच्छ. त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च शिल्लक साठते. आणि ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना ती लागणार त्या एप्रिल-मेच्या तोंडावर खातं शून्यावर येतं. तेच वर्ष पावसाळा संपल्यावर, ३० सप्टेंबरला पालटलं, तर थंडीतली शिल्लक उन्हाळ्यात आणि ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये वापरता येईल. विजेचे दर आणि नियम ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगापुढे मागायची गोष्ट ही आहे.

तोवर उपाय आपल्या हातात आहे: सोलर मोजून लावणं. १ किलोवॉटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात. मागच्या १२ बिलांची बेरीज करा, १२ ने भागा, मग किलोवॉट ठरवा. ‘जागा आहे तर ५ किलोवॉट घ्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका; छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबतं.

९ ते ५ ची भीती अगदीच हवेतून आलेली नाही. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणने आयोगाकडे तसा प्रस्ताव दिला होता आणि सुनावण्यांत लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. घरगुती ग्राहकांना आयोगाने त्या अटीतून बाहेर ठेवलं. मेसेज मात्र प्रस्तावालाच नियम म्हणून सांगतोय. असा प्रस्ताव पुन्हा येऊ शकतो, तेव्हा हरकत नोंदवायला आपण हजर असलं पाहिजे.

बिल येतं, हे खरं. स्थिर आकार, म्हणजे जोडणीसाठी दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, द्यावीच लागते, वजाबाकी शून्य आली तरी. रात्रीची वीज ज्या यंत्रणेतून येते त्या यंत्रणेचा हा खर्च आहे, मला तो गैर वाटत नाही. ‘बिल शून्य’ म्हणून सोलर विकणारा एजंटही तितकीच चुकीची माहिती देतो.

राहिली लाईट गेल्यावर सोलर बंद होण्याची गोष्ट. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर बॅटरीवाला, म्हणजे हायब्रिड, घेतला तर घर चालू राहतं, पण खर्च बराच वाढतो. सोलरचा साधा, बिनबॅटरीचा इन्व्हर्टर बंद पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. पावसात खांबावर चढलेल्या वायरमनने मागची लाईन बंद केलेली असते. त्याच वेळी आपल्या छतावरून त्या तारेत करंट गेला, तर तो त्याच्या हातात जाईल.