दळण, कचरा आणि बासष्टावा

टीव्ही असलेल्या प्रत्येक घरात एक पनवती माणूस असतो. आमच्याकडे ते पद २०११ पासून मी सांभाळतोय. बँकेतून निवृत्त झालो, पण यातून कुणी सोडत नाही.

१२ मार्च २०११ ला नागपुरात सचिनचं नव्व्याण्णवावं शतक झालं, तेव्हा मी कल्याणला एका बारशाच्या पंगतीत होतो. मग शंभराव्याची वाट सुरू झाली. ओव्हलला ९१ वर पायचीत: मी टीव्हीसमोर. नोव्हेंबरात वानखेडेवर ९४: मी टीव्हीसमोर, शिवाय हातात पेढ्यांचा पुडा. रामपॉलच्या चेंडूवर स्लिपमध्ये सॅमीने झेल घेतला आणि घरातले सगळे सचिनऐवजी माझ्याकडे बघायला लागले. १६ मार्च २०१२ ला, ढाक्यात सचिन ऐंशीच्या घरात आल्यावर, आमची ही शांतपणे म्हणाली, "दळण टाकून या." गिरणीवाला "बारीक की मध्यम?" विचारतोय तोच समोरच्या चाळीतून आरोळी उठली. शंभरावं शतक मी ज्वारीच्या पिठात माखून ऐकलं. तो सामना आपण बांगलादेशाकडून हरलो, हे आमच्याकडे कुणी बोलत नाही. दळणाचं मात्र अजून बोलतात.

त्यामुळे २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेत, न्यूजर्सीतल्या एडिसनला मुलाकडे गेलो, तेव्हा वाटलं, या देशात आपला इतिहास कुणाला ठाऊक नाही. पण नातू न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघाचा कडवा भक्त निघाला आणि त्यांचा फलंदाज ॲरन जज नेमका साठ होमरनवर येऊन थांबला होता.

नातवाने माझी शिकवणी घेतली. चेंडू कुंपणापलीकडे गेला की होमरन. एका मोसमात बेब रूथने साठ मारले, १९२७ मध्ये. रॉजर मॅरिसने एकसष्ट, १९६१ मध्ये. अमेरिकन लीगचा, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एकीचा, तो विक्रम एकसष्ट वर्षं तसाच. मी म्हणालो, "बाळा, आयपीएलमध्ये सगळे मिळून चार रात्रींत एवढे मारतात." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी 'सचिन कोण?' विचारणाऱ्या पाहुण्याकडे बघितलं असतं. म्हणजे मी लहान असताना सचिन नव्हता, पण नजर तीच.

मग जजचा फोटो दाखवला. सहा फूट सात इंच उंच, आणि पाठीवर नंबर ९९. माझ्या पोटात खड्डा पडला. नव्व्याण्णव! सूनबाईंनी विचारलं, "बाबा, बरं वाटत नाहीये का?" मी काही बोललो नाही. ही मात्र समजून गेली.

२८ सप्टेंबरला टोरंटोत त्याने एकसष्टावा मारून मॅरिसला गाठलं. मी जेट लॅगमुळे झोपलो होतो. हिने ज्योतिष्यासारखी मान हलवली.

पुढच्या तीन सामन्यांसाठी संघ घरी, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सला, परतला, समोर बाल्टिमोरचा ओरिओल्स संघ. मुलाने तिकिटं काढली. डॉलरची रक्कम मी मनातल्या मनात ८१ ने गुणली आणि गुणाकार अर्ध्यात सोडून दिला. एडिसनहून रेल्वेने पेन स्टेशन, पुढे सबवे. हवा गार, भुरभुर पाऊस. डब्यात जो तो ९९ नंबरची जर्सी घालून. मला तर डबाभर माझाच इतिहास बसलाय असं वाटत होतं.

स्टेडियममध्ये लोकांनी 'ऑल राइज' असे फलक धरले होते. जज येतोय, सगळे उभे राहा! काहींनी न्यायाधीशाचे झगेसुद्धा घातलेले. मला हसू आलं. कोर्टाची पायरी चढलेला मराठी माणूस जजकडून निकालाची घाई करत नाही. डोंबिवलीतली आमची भाडेकरूची केस एकोणीस वर्षं चालली.

आमच्या मागच्या रांगेत एक म्हातारबुवा आणि एक तरणा गडी जुंपले होते. गडी म्हणे, खरा विक्रम दुसऱ्या लीगमधल्या बॅरी बाँड्सचा, २००१ मधले ७३. म्हातारबुवा म्हणे, ते उत्तेजक औषधांच्या जमान्यातलं नाव माझ्यासमोर काढू नकोस. त्या काळच्या फुगवलेल्या आकड्यांपेक्षा मॅरिसचे ६१ खरे. आणि मॅरिसला तरी सुखाने कुठे मारू दिले? मोसम १५४ सामन्यांचा १६२ झाला म्हणून बेसबॉलच्या कमिशनरने रूथच्या आकड्याला वेगळी वागणूक द्यायचं काढलं. त्या ताणाने बिचाऱ्याचे केस गळायला लागले. भाषा पूर्ण कळत नव्हती, भांडण मात्र तंतोतंत कळत होतं. सुनील की सचिन, यावरून आमच्या कट्ट्यावर दोन साडू आठ वर्षं बोलत नाहीत.

जज आला. पंचेचाळीस हजार माणसं उभी राहिली आणि एकदम शांत. श्रद्धांजलीची दोन मिनिटं पाळावीत तशी. सगळे फोन वर. नातू कानात कुजबुजला, "आजोबा, आता खास खुणेचे बॉल देतात, म्हणजे मागून कुणी खोटा बॉल विकायला नको." आहेराच्या पाकिटावर आतून पेन्सिलीने नाव लिहितात, तसंच की.

पहिला चेंडू बाहेर. हू! दुसरा बाहेर. हूऽ! चार चेंडू बाहेर गेले की फलंदाज चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जातो, बॅट न लावता. एवढे डॉलर खर्चून आम्ही एका उंच माणसाला चालताना बघितलं. परत त्याची पाळी यायला पाऊण तास. मधे मैदान सारखं करणारे लोक खराटे-जाळ्या ओढता ओढता गाण्यावर नाचले. त्या संध्याकाळी निखळ आनंद तेवढाच. होमरन झाला नाही. त्या तिन्ही सामन्यांत झाला नाही. आणि तिन्ही मी बघितले, एक तिकीट काढून, दोन सोफ्यावरून.

परतीच्या गाडीत ही म्हणाली, "मी काही बोलत नाही." एवढं म्हणून तिने नातवाला ज्वारीच्या दळणाची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून.

४ ऑक्टोबरला टेक्सासमध्ये दोन सामने होते. दुपारचा मी बघितला. काही नाही. संध्याकाळचा सुरू व्हायच्या आधी नातू माझ्यासमोर उभा राहिला. हातात कचऱ्याची काळी पिशवी. "आजोबा, प्लीज."

मी चपला घातल्या. ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत डबा ढकलत नेला. त्याचं एक चाक दगडात अडकलं होतं, ते सोडवायला वाकलो, आणि आतून किंकाळी आली. सामन्याचा पहिलाच फलंदाज जज, तिसराच चेंडू, आणि बासष्टावा! शेजारचा गुजराती भला माणूस गॅलरीत येऊन माझ्याकडे बघून हात हलवत होता. त्याला वाटलं असणार, मी कचऱ्याच्या डब्याला नमस्कार करतोय.

तो बॉल पुढे लिलावात पंधरा लाख डॉलरला गेला म्हणे. डबा ढकलणाऱ्याला कुणी विचारलं नाही. नातवाने मात्र मिठी मारली आणि मग मुलाकडे वळून हळूच विचारलं, "डॅडी, प्लेऑफ संपेपर्यंत आजोबा इथेच आहेत ना?"

होतो. रोज संध्याकाळी सामन्याच्या वेळी फिरायला बाहेर. एडिसनमधला एकेक गल्लीतला कुत्रा मला ओळखायला लागला. मग ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेच्या आदल्या दिवशी मला सर्दी झाली, आणि सूनबाईंनी आल्याचा चहा देऊन मला सोफ्यावरच बसवलं. यांकीज ओळीने चार हरले.