‘ऑसम’ला पर्याय हवेत, पण कुठे वापरायचे तेही सांगा

इंग्रजीत ‘छान’ म्हणायला सारखं ‘ऑसम’ नको, त्याऐवजी हे शब्द वापरा, अशी यादी एका लेखात वाचली. यादी छान आहे. पण ‘ग्रूव्ही’, ‘स्मॅशिंग’ आणि आजच्या पोरांचा ‘लिट’ एकाच रांगेत बसवलेत, ते काही पटलं नाही. ‘ग्रूव्ही’ जॅझवाल्यांचा शब्द, साठच्या दशकात गाजला. आज कुणी म्हटलाच तर गमतीने. ‘स्मॅशिंग’ ब्रिटिश, तोही जुन्या वळणाचा. आमच्या नाशकात कॉलेज रोडवरच्या पोराने मित्राला ‘फक्कड’ म्हणावं, तसं वाटेल ते. तिथे ‘कडक’ नाहीतर ‘लय भारी’च चालतं.

‘विकेड’चं तर अजून वेगळं. ब्रिटनमध्ये तो नुसताच ‘झकास’, पण अमेरिकेत बोस्टनकडे ‘विकेड गुड’ म्हणजे ‘लय चांगलं’. यादीत या फरकाचा पत्ताच नाही.

‘टेरिफिक’चा मूळ अर्थ भीतिदायक, हे वाचून लेखाखालच्या प्रतिक्रियांत बऱ्याच जणांना नवल वाटलेलं दिसतंय. त्यात काय एवढं? मिसळीचा पहिला घास घेऊन, नाक पुसत ‘खतरनाक आहे राव!’ म्हणत दुसऱ्यांदा तर्री मागणारे आपणच ना!

एक राहिलंच. ‘व्हेरी ऑसम’, ‘व्हेरी फॅब्युलस’ सर्रास ऐकू येतं. हे शब्द आधीच टोकाचे, त्यांना ‘व्हेरी’ शोभत नाही; ‘रिअली’ किंवा ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावा. आणि नोकरीच्या अर्जात यातलं काहीच नको, तिथे साधं ‘एक्सलंट’ बरं.