संघ गावाबाहेर कसा काढावा आणि खापर गावावर कसं फोडावं

परवा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडजवळच्या फ्रीमाँटात एका मुंजीच्या पंगतीत, मठ्ठ्याचा पेला हातात धरून एका सद्गृहस्थांनी निकाल दिला : "ओकलंडचे दोन्ही संघ गेले ना? जाणारच. लोक मॅचला जातच नव्हते हो." शेजारच्या चौघांनी माना डोलावल्या. जिलेबी आली, विषय संपला.

इतकं मोठं शास्त्र इतक्या थोडक्यात सांगून टाकलेलं ऐकलं आणि वाटलं, ही विद्या सर्वांपर्यंत पोचायला हवी. उद्या तुमचेही शेअर वर जातील, हातात चार पैसे खुळखुळतील आणि एखादा संघ घ्यावासा वाटेल. फुटबॉलचा घ्या, म्हणजे हेल्मेट घालून चेंडू बगलेत मारून पळतात तो, नाहीतर बेसबॉलचा. संघ घेणं काही अवघड नाही. तो गावातून अशा बेताने काढायचा की शेवटी गावच गुन्हेगार ठरावं, कसब तिथे लागतं. ओकलंडात दोन घराण्यांनी ते दोन निरनिराळ्या रीतींनी करून दाखवलं. फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला गेले. बेसबॉलचे अ‍ॅथलेटिक्स, लाडाने ए’ज, २०२४ चा हंगाम खेळून निघाले. कृती देतो, जपून ठेवा.

आधी खेळ नीट निवडा. फुटबॉलमध्ये देशभरच्या टीव्हीचे पैसे ३२ संघांत सारखे वाटले जातात, आणि खेळाडूंवरच्या खर्चाला वरून झाकण आहे तसं खालून बूडही आहे. त्यामुळे तिथे चिकटपणाला फारसा वाव नाही. संघ बुडवायचा तर अंगची कर्तबगारीच लागते. रेडर्सकडे ती भरपूर आहे. जानेवारी २००३ मध्ये टेनेसीला हरवून ते सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, गेले, तिथे टँपा बेने ४८-२१ असं धुतलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, एक सामना जिंकलेला नाही. बेसबॉलमध्ये मात्र खर्चाला बूडच नाही. हवा तेवढा कमी करा, कोणी हात धरत नाही. शिवाय घरचे ८१ सामने, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढायला ८१ मुहूर्त. नवशिक्यांनी बेसबॉलच घ्यावा.

आता मैदान. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे अंगण आधी वाकडं करून घ्यायचं असतं, तेही लोकांच्या पैशाने. ओकलंडचं कोलिसियम १९६६ चं, आणि वरच्या मजल्यावर बसलं की मैदानापलीकडे हिरव्या-पिवळ्या टेकड्या दिसायच्या. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला गेलेले रेडर्स १९९५ मध्ये परत यायला तयार झाले, ते मैदान वाढवून द्याल तर, या बोलीवर. शहर आणि अलामिडा काउंटीने (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) मिळून जवळपास २० कोटी डॉलरचं कर्ज डोक्यावर घेतलं आणि टेकड्या झाकतील असा काँक्रीटचा एक डोंगर उभा केला. मालक अल डेव्हिस, म्हणून लोक त्याला म्हणतात माउंट डेव्हिस. कर्ज फिटणार कसं? तर तिकीट काढण्याच्या हक्काच्या पैशातून : आधी तो हक्क लोकांनी विकत घ्यायचा, मग तिकीट वेगळं विकत घ्यायचं. ते हक्क खपले नाहीत. त्या डोंगराच्या माथ्यावरून चेंडू दिसतो असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मग २००६ मध्ये ए’जनी वरचा अख्खा मजला ताडपत्रीने झाकला, २०१३ मध्ये रेडर्सनी माउंट डेव्हिस झाकला. ही युक्ती टिपून ठेवा : खुर्च्या आपणच झाकायच्या आणि पुढे कोणी विचारलं की सांगायचं, बघा, रिकाम्या आहेत.

रेडर्स वेगासला जाऊन राहिले तरी इथे हप्ते चालूच होते.

गटार तुंबलं तर तुंबू द्या. जून २०१३ मध्ये मैलापाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं आणि ए’ज व पाहुणा संघ, दोघांनाही अंघोळीला रेडर्सच्या खोलीत जावं लागलं. अशा बातमीला जाहिरातीचा खर्च पडत नाही.

पोसम (घुशीसारखा दिसणारा एक प्राणी) आला तर हाकलू नका. २०२३ मध्ये एकाने पाहुण्या समालोचकांच्या खोलीत बिऱ्हाड केलं होतं. उद्या वेगासच्या आमदारांपुढे तोच तुमचा साक्षीदार.

पुढची पायरी म्हणजे नव्या मैदानाचं घोंगडं भिजत ठेवणं. एक जागा धरायची, नकाशे काढायचे, सूर्यास्ताच्या उजेडात रंगवलेली चित्रं छापायची, मग सोडून द्यायची. २००६ मध्ये ए’जनी फ्रीमाँट धरलं, २००९ मध्ये सोडलं. मग सॅन होजे. तिथे आडवे आले सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स, की सॅन होजे ज्यात येतं ती सँटा क्लारा काउंटी आमचा इलाखा. तो त्यांचा झाला कसा? १९९० च्या सुमारास जायंट्सनाच तिकडे जायचं होतं, तेव्हा ए’जचे त्या वेळचे मालक वॉल्टर हास यांनी शेजारधर्म म्हणून, एक पैसा न घेता, तो देऊन टाकला. जायंट्स गेले नाहीत, इलाखा मात्र परत केला नाही. सॅन होजे कोर्टात गेलं. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून १९२२ पासून सूट आहे, आणि सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मग २०१७ मध्ये लेनी कॉलेजशेजारची जागा, कॉलेजवाल्यांना नीट न विचारताच. डिसेंबरात त्यांनी दार लावून घेतलं. मग २०१८ मध्ये बंदरावरचं हॉवर्ड टर्मिनल : ५५ एकर, ३,००० घरं, पुढे १२ अब्ज डॉलरचा एकूण आकडा. २०२१ मध्ये नगर परिषदेने आपल्या अटींसह मसुदा मंजूर केला, तर ए’ज म्हणाले, अटी पसंत नाहीत. तोवर वेगासच्या वाऱ्या सुरू झाल्याच होत्या. मैदानावर घोषवाक्य मात्र एकच, ‘ओकलंडात रुजलेले’. शेवटी ५५ एकरांत मावत नव्हता तो संघ वेगासच्या ट्रॉपिकाना हॉटेलच्या ९ एकरांत मावतो असं ठरलं. नेवाडा राज्य वर ३८ कोटी डॉलर देतं म्हटल्यावर जागा आपोआप मोठी दिसू लागते. (रेडर्सना ७५ कोटी दिले होते. फुटबॉलवाल्यांची पत जास्त.)

पण हे सगळं वरवरचं. गाभ्याची कृती पुढे आहे. संघ चांगला खेळत असताना लोक येतात, ही मोठीच अडचण. म्हणून आधी तो चांगला खेळणार नाही याची व्यवस्था करा. सुरुवात हळू : मार्कस सेमियन, बर्कलीत शिकलेला, इथलाच पोरगा, सहा वर्षं शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, उभा. २०२० नंतर त्याला म्हणे सव्वा कोटी डॉलर देऊ केले, पण त्यातले एक कोटी दहा वर्षांच्या हप्त्यांनी! वॉशिंग मशीन घेतल्यासारखे. तो टोरंटोला गेला आणि पुढच्याच वर्षी ४५ होम रन, म्हणजे आपले षटकारच, मारले. २०२१ मध्ये संघाने ८६ सामने जिंकले, अजून धुगधुगी होती. मग मार्च २०२२. १२ तारखेला मुख्य पिचर (चेंडू टाकणारा) बॅसिट मेट्स संघाला दिला, १४ ला पहिल्या बेसवरचा ओल्सन अटलांटाला, १६ ला तिसऱ्या बेसवरचा चॅपमन टोरंटोला. एप्रिलात मनाया सॅन डिएगोला, डिसेंबरात कॅचर मर्फी अटलांटाला. मार्चच्या त्या पाच दिवसांतच पहिला बेस, तिसरा बेस आणि मुख्य पिचर खलास! ओल्सनने २०२३ मध्ये अटलांटाकडून ५४ होम रन मारले, त्या वर्षी सगळ्या बेसबॉलमध्ये सर्वाधिक. आणि त्याच २०२२ साठी, बरं का, त्याच वर्षासाठी, हंगामाच्या तिकिटांचे दर वाढवले, कित्येक जागी जवळजवळ दुप्पट. माल काढून टाकला आणि भाव दुप्पट केला. त्या वर्षी १०२ हारी, पुढच्या वर्षी ११२. आणि मग कॅमेरा फिरवायचा, रिकामा मजला दाखवायचा, मान हलवत म्हणायचं, काय करणार, या गावात बाजारच नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, आणि त्या ऐकून हळहळणारी माणसं पंगतीपंगतीत बसली आहेत!

असो. कृती पुरी करू.

फुटबॉलवाल्यांसाठी खास सूचना : घटस्फोट जाहीर करून त्याच घरात तीन वर्षं राहा. मार्च २०१७ मध्ये लीगच्या संघमालकांनी ३१-१ मतांनी रेडर्सना वेगासची परवानगी दिली. नुकताच १२-४ असा हंगाम झाला होता, गावात कित्येक वर्षांनी उत्साह होता. वेगासचं मैदान बांधून होईपर्यंत २०१७, २०१८, २०१९ हे तीन हंगाम ओकलंडातच खेळले, तिकीट लावून. मधेच खलील मॅक शिकागोला विकला. १५ डिसेंबर २०१९ ला शेवटचा घरचा सामना, जॅक्सनव्हिलशी १६-३ असे पुढे असताना १६-२० हरले. लोकांनी हुर्यो केली तर वर्तमानपत्रं म्हणाली, प्रेक्षक फार उद्धट.

पोशाखावर गावाचं नाव ठेवू नका, धुवायला सोपं जातं. ओकलंड सोडून तात्पुरते सॅक्रामेंटोत गेलेले ए’ज नुसते ‘अ‍ॅथलेटिक्स’ आहेत, कुठल्याच गावचे नाहीत.

आणि हो, मराठी माणसाने अभिमान बाळगायलाच हवा. वेगासचं मैदान होईपर्यंत संघ ज्या सुमारे १४ हजार क्षमतेच्या छोट्या मैदानात उतरला आहे, ते विवेक रणदिवे यांच्या मंडळींचं. मुंबईत जन्मलेले, आडनाव आपलं. ग्रुपवर फुलं पडली असतीलच.

लोकांनी विरोध केलाच तर त्याचीही सोय आहे. १३ जून २०२३ ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला : एरवी लोक येत नाहीत म्हणता ना, मग आज सगळेच येतो. २७,७५९ जण आले, ‘विका’ असं लिहिलेले हिरवे शर्ट घालून, ढोल वाजवत, आणि त्या भिकार संघाने टँपा बेला २-१ हरवलंही. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने ३८ कोटींचं विधेयक मंजूर केलं. लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी नंतर काय म्हणावं? एका रात्रीपुरती का होईना, लीगमधल्या सरासरीच्या जवळ जाणारी गर्दी दिसली, छान वाटलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्थलांतरावर मालकांचं मतदान, बाजूने ३०, विरुद्ध ०. स्थलांतराची फीसुद्धा माफ. कोलिसियममधला काउंटीचा अर्धा वाटा २०१९ मध्ये ८.५ कोटींना घेतला होता, तो जाता जाता १२.५ कोटींना विकायचा सौदा केला. म्हणजे ज्या गावात बाजार नाही तिथल्या जमिनीवरही नफा.

बस झालं. आता हे कृतीबिती बाजूला ठेवून बोलतो.

अहो मठ्ठेवाले, लोक जात होते. १९९० मध्ये २९ लाख लोक गेले त्याच मैदानात, कारण वॉल्टर हास संघावर खर्च करत होते. ऑक्टोबर २०१९ चा वाइल्ड कार्डचा, म्हणजे बाद फेरीचा पहिला, सामना, टँपा बेशीच : ५४,००५ माणसं, माउंट डेव्हिसवरची ताडपत्री काढून बसवली, बुधवारच्या संध्याकाळी. २६ सप्टेंबर २०२४, शेवटचा दिवस, टेक्सासवर ३-२ असा विजय, दुपारचा सामना, कामाचा दिवस : ४६,८८९. लोक बार्ट या लोकल गाडीच्या स्टेशनाकडच्या पुलावरून रडत गेले, खिशातून मैदानाची माती घेऊन गेले. ही माणसं तुम्हाला दिसली नाहीत, कारण तुम्ही कधी ओकलंडकडे वळूनच बघितलं नाहीत. तुम्हाला ओकलंड म्हणजे गाडीच्या काचा फोडतात ते गाव, एवढंच माहीत. तिथे कोणी वीस-वीस वर्षं एकाच बाकावर बसून ढोल बडवतं, त्याच्याशी तुम्हाला काय घेणं?

नसेल आवडत बेसबॉल तर नका बघू, कोणी जबरदस्ती केलेली नाही. पण मालकाच्या तोंडचं वाक्य स्वतःची अक्कल म्हणून पंगतीत वाढू नका. फ्रीमाँट अलामिडा काउंटीत येतं, हे तरी ठाऊक आहे ना? त्या काँक्रीटच्या डोंगराचे हप्ते तुमच्याही करातून गेले आहेत. २५-२५ वर्षं भरलेत तुम्ही, आणि ज्यांनी भरायला लावले त्यांचीच वकिली करताय, फुकट!

आणि सॅक्रामेंटोत पहिल्या वर्षी सरासरी दहा हजार माणसंही आली नाहीत. आता त्यांनाही सांगून या जाऊन, लोक जातच नव्हते म्हणून.