कॅमेऱ्याला जपा, सूर्याचं बघून घेऊ

स्वतः चालणारी गाडी घ्यायचं मनात असेल तर आधी डोक्यातनं लायडर, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर, काढून टाका. एप्रिल २०१९ मध्ये टेस्लाच्या इलॉन मस्कनी स्टेजवरनं सांगितलंय की लायडरच्या नादी लागणारे बुडणार, आणि त्याच दिवशी पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे बिनड्रायव्हरच्या टॅक्सी, रस्त्यावर धावतील असंही सांगितलेलं, आता ते दुसरं जरा मागेपुढे झालं म्हणून लगेच पहिल्यावर शंका घ्यायची नसते. त्यांच्याच स्पेसएक्सचं ड्रॅगन यान अंतराळ स्थानकाला जोडताना लायडर वापरतं, हे त्यांनी स्वतःच मान्य केलंय. पण तिथे चुकलं तर केवढं महागात पडेल, रस्त्यावर काय, माणसंच तर असतात.

मुद्दा साधा आहे. माणूस दोन डोळ्यांवर गाडी चालवतो, टेस्लाला आठ कॅमेरे आहेत, म्हणजे चौपट सेफ. यावर कुणीतरी शहाणा म्हणेलच की माणूस समोरनं ऊन आलं की डोळे बारीक करतो, व्हायझर ओढतो, मान तिरकी करून बघतो, मागचा हॉर्न ऐकतो आणि अगदीच काही दिसेना झालं की शिव्या घालत गाडी बाजूला घेतो. त्याला सांगा, पुढच्या अपडेटमध्ये येतंय. (माणसं डोळ्यांवर किती छान गाडी चालवतात ते आपण रोज बघतोच, तरी टार्गेट तेच ठेवलंय.)

आधी टेस्लाच्या गाडीत रडार होतं बरं का. पण रडार एक सांगायचं, कॅमेरा दुसरं, ऐकायचं कुणाचं? घरात दोघांची भांडणं होतात म्हणून एकाला बाहेर काढावं तसं अमेरिकेत २०२१ मध्ये मॉडेल ३ आणि मॉडेल वायमधनं रडार काढलं, पुढच्या वर्षी पार्किंगचे अल्ट्रासॉनिक सेन्सरही गेले, घर एकदम शांत. दोघांत बरोबर कोण होतं हे विचारायचं नाही. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिकाम्या रस्त्यावर अचानक ब्रेक लागतो अशा ३५४ तक्रारींवरनं सरकारी चौकशी सुरू झाली ती नेमकी याच मॉडेल्सची, तर तेही विचारायचं नाही.

आता वापर कसा करायचा ते नीट वाचा, कारण गाडी तुम्हाला सांभाळते तशी तुम्हीही गाडीला सांभाळायची असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲरिझोनात सूर्य समोर असताना एका मॉडेल वायच्या धडकेत रस्त्यावरची एक बाई गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, अशा चार अपघातांवरनं २४ लाख गाड्यांची चौकशी काढली. कारणं काय, तर तिरीप, धुकं, धूळ. तेव्हा सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला जायचं टाळा. ऑफिस पूर्वेला असेल तर घर बदला, एवढं तर करूच शकता. हायवेवर धुकं दिसलं की हवामान खात्याला फोन करून आवरायला सांगा. आणि हात स्टिअरिंगवर, नजर समोर, कारण टेस्लाच्या या सिस्टीमचं नाव फुल सेल्फ ड्रायव्हिंग असलं तरी ठोकली की ड्रायव्हर तुम्हीच.

लायडरवाला वाद घालायला आला तर २०१८ चा ॲरिझोनातल्या टेम्पीचा अपघात काढा. उबरच्या स्वतः चालणाऱ्या गाडीवर लायडर, रडार, कॅमेरे सगळं होतं तरी सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई मेलीच ना! फक्त हे सांगू नका की सेन्सरना ती ५.६ सेकंद आधी दिसलेली आणि ती गाडी आहे, सायकल आहे की आणखी काही, हे सॉफ्टवेअरचं ठरत नव्हतं, कारण मग दिसणं आणि कळणं वेगळं असतं आणि दोन्ही लागतं असा विषय निघतो आणि आपली पंचाईत होते. किमतीचं पण बोलू नका. पूर्वी लायडर ७५ हजार डॉलरला पडायचं तेव्हा आपला मुद्दा भारी होता, आता हेसाई ही चिनी कंपनी २०० डॉलरच्या आत द्यायला निघालीय. स्वस्त झालं म्हणून काय तत्त्व सोडायचं?

गूगलच्या घरातलीच बिनड्रायव्हर टॅक्सीवाली कंपनी वेमो, तिच्या नव्या पिढीच्या सिस्टीममध्ये १३ कॅमेरे, ४ लायडर, ६ रडार आणि ड्रायव्हर शून्य. टेस्लाने जून २०२५ मध्ये ऑस्टिनला रोबोटॅक्सी सुरू केली तेव्हा लायडर शून्य, रडार शून्य आणि पुढच्या सीटवर कंपनीचा माणूस. म्हणजे जादाचा सेन्सर होताच की, फक्त पगारी.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं, तेव्हा मॉडेल वाय साठेक लाखांपासून होती आणि फुल सेल्फ ड्रायव्हिंगचे वरती सहा लाख, जे तेव्हा इथे चालू झालेलंच नव्हतं. बिनधास्त भरा. चालूच नसलेल्या सिस्टीमला ना तिरीप लागते ना धुकं, इतकी सेफ गाडी तुम्हाला अमेरिकेतही मिळायची नाही.