'गॅसची गोळी द्या दोन' म्हणे!

संध्याकाळी सांगलीतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी उभं राहा. 'गॅसची गोळी द्या दोन.' बास, एवढंच. आधीची कुठली औषधं चालू आहेत, बीपी आहे का, कोण विचारणार! पॅन्टोप्रॅझोल ४० ची पट्टी कात्रीनं कापली जाते, एक्सपायरीचा तुकडा दुकानातच राहतो आणि गिऱ्हाईक गोळ्या खिशात टाकून निघालं भडंग खायला. डोकं फिरतं राव!

अहो, जळजळ सुरू झाल्यावर टाकायची गोळी नाही ती! पोटात आम्ल सोडणारे पंप बंद करणं हे तिचं काम. ते जेवणाच्या वेळी जोरात चालतात, तेव्हा औषध आधीच रक्तात पाहिजे. म्हणून सकाळी नाष्ट्याआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर, आख्खी गिळायची. वरचं आवरण औषधाला आम्लापासून वाचवतं. चावली की गेली वाया. पुरता गुण यायलाही दोन-चार दिवस लागतात. हे रात्री अकराला मटणाचा रस्सा हाणून गोळी टाकणार, वर 'कंपनी बोगस आहे' म्हणणार.

लगेच आराम हवाय? मग ॲन्टासिड, म्हणजे पोटातलं आम्ल मारणारं औषध. तिथंही बोंबच. बाटली हलवायचीच नाही, म्हणजे औषध तळाला आणि पोटात नुसतं गोड पाणी. वर बाटलीलाच तोंड! झाकणासोबतचं माप काय शोभेला दिलंय? लेबलवर बघा, बहुतेकदा ५ ते १० मिली असतं. जेवणानंतर तासाभरानं आणि झोपताना. रिकाम्या पोटी घेतलं तर जेमतेम अर्धा तास टिकतं, जेवणानंतर दोन-तीन तास. चघळायची गोळी असेल तर ती मात्र नीट चावूनच खायची. मॅग्नेशियमनं जुलाब होतात, ॲल्युमिनियमनं पोट घट्ट होतं, आणि किडनीचा त्रास असेल तर दोन्ही अंगात साचतात. तिथं डॉक्टरला विचारल्याशिवाय थेंबही नको.

थायरॉईडची गोळी आणि ॲन्टासिड एकाच घोटात घेणारे तर थोर! चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स यांनाही निदान दोन तास, नाहीतर ती औषधं अंगाला लागतच नाहीत.

बीपीवाल्यांचं काय सांगावं! लोणचं-पापड सोडलं म्हणून मिरवतात आणि फसफसणारी पावडर रोज दोनदा ढोसतात. ५ ग्रॅमच्या पुडीत सोडियम आठशे मिलिग्रॅमच्या वर असतं. दिवसभराची मर्यादाच मुळात २००० ची!

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध उपाशीपोटी खायचं आणि जळजळ झाली की शिव्या मिसळीला. दोन आठवडे रोज ॲन्टासिड लागत असेल, घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर पुढची बाटली आणू नका, तपासून घ्या. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सगळ्यात जास्त चीड येते ती छातीत दाब, दरदरून घाम, जबड्याकडं नाहीतर हाताकडं जाणारी कळ असतानाही 'ॲसिडिटीच असेल' म्हणून पावडर पाजणाऱ्यांची. मिरज एवढी जवळ, दवाखान्यांचं गाव, आणि हे ढेकर यायची वाट बघत बसतात! आधी १०८ लावा, ईसीजी काढा. ॲसिडिटी निघाली तर निघाली.