८३ मोठे की ५०?

आज सकाळी एका मित्राने खाण्याच्या स्पर्धांमधल्या सर्वश्रेष्ठ कामगिरींची यादी टाकली. सर्वांत वर अमेरिकेच्या जोई चेस्टनटचे ८३ हॉट डॉग (लांबट पावात घातलेले सॉसेज), त्याखाली त्याचेच ७६, मग ७५, मग ७४ अशी उतरती भाजणी, आणि ताकेरू कोबायाशीने २००१ मध्ये खाल्लेले ५० पार तळाशी, कोणाच्या नजरेसही पडू नयेत अशा ठिकाणी. खाली मित्राने लिहिले आहे, “आकडे समोर आहेत, आता वाद कशाला?” हे वाचल्यापासून माझे डोके ठणकते आहे. तुम्हा मंडळींना मी ओळखते. न्याय-अन्यायाची चाड असलेली माणसे आहात, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी ती यादी पाहून मान डोलावलीच असणार, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

या एका यादीत किती निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे, ते आधी पाहा. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ४ जुलैला होणारी ‘नेथन्स फेमस’ या हॉट डॉग कंपनीची स्पर्धा कोबायाशीच्या काळात १२ मिनिटांची होती, २००८ पासून ती १० मिनिटांची झाली. म्हणजे कोबायाशीचे ५० हे १२ मिनिटांतले आणि चेस्टनटचे २०२१ मधले ७६ हे १० मिनिटांतले. (यामुळे चेस्टनटची बाजू आणखी भक्कम होते, हे मलाही दिसते. पण घाई करू नका.) सर्वांत वरचे ८३ तर कोनी आयलंडचे नाहीतच. ते सप्टेंबर २०२४ मध्ये लास वेगासला, नेटफ्लिक्सच्या थेट प्रक्षेपणात खाल्लेले आहेत, आणि तिथे पाव पाण्यात बुडवायला बंदी होती. ही बाब किरकोळ वाटत असेल तर सांगते, की कोरडा पाव तोंडातली सगळी लाळ शोषून घेतो आणि घशाशी गोळा होऊन बसतो, उलट भिजवून पिळलेल्या पावातली हवा निघून जाते आणि तो फारसा न चावता खाली उतरतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांचे हॉट डॉग खाण्याचे सगळे तंत्र या एका फरकावर उभे आहे, आणि यादी करणाऱ्याला त्यासाठी एक चांदणीसुद्धा छापावीशी वाटली नाही!

आता २००१ कडे या. तोपर्यंतचा विक्रम होता २५ आणि वर एक लहानसा तुकडा. तो मोडायला जपानहून जो तेवीस वर्षांचा मुलगा आला, त्याचे वजन साठ किलोच्या आसपास होते. बाकी सगळे पाव आणि सॉसेज एकत्र धरून, चारचौघे खातात तसेच, फक्त भराभर खात होते. कोबायाशीने सॉसेज पावातून बाहेर काढले, मधोमध मोडले आणि दोन्ही तुकडे एकदम तोंडात सारले. पाव पाण्यात बुडवला, मुठीत पिळला आणि मग तो तोंडात टाकला. आणि हे चालू असताना अंगाला हिसके देत राहिला, म्हणजे पोटातले खाली बसावे. आकडे दाखवणाऱ्यांजवळच्या छापील पाट्या संपल्या आणि पुढचे आकडे त्यांना हाताने लिहून दाखवावे लागले. ज्या स्पर्धेत एखादा-दुसरा हॉट डॉग जास्त खाल्ला की विक्रम होत असे, तिथे या मुलाने पहिल्याच खेपेला आकडा थेट दुप्पट केला.

मला हे इतके का झोंबते, त्याचे कारण माझ्या वसतिगृहातल्या केळी खाण्याच्या स्पर्धेत आहे. जवळच्या मित्रमैत्रिणींचे कान ही गोष्ट ऐकून किटले असतील, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. त्या स्पर्धेत मोजणी माझ्याकडे होती. खाणाऱ्यांच्या पुढ्यात साली पडतील तशा त्या मी मोजायच्या, एवढेच काम. दांडग्या मुलांच्या रांगेत एक काटकुळा मुलगा बसला होता आणि त्याच्याकडे पाहून लोक हसत होते. त्याने शिट्टी व्हायच्या आधीच आपल्यापुढची सगळी केळी देठे एका बाजूला येतील अशी लावून घेतली. शिट्टी झाल्यावर बाकीचे देठाशी झटापट करत असताना हा केळ्याचे खालचे टोक चिमटीत दाबून फोडायचा, दोन ओढींत साल उतरवायचा, गराचे तीन तुकडे करायचा आणि दातांच्या वाटेला न जाता ते जिभेने टाळूवर दाबून गिळायचा. मी खरे तर सालींकडे पाहायला हवे होते, पण माझी नजर त्याच्या बोटांवरून हलत नव्हती. वेळ संपली तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या मुलापेक्षा जवळजवळ दुप्पट साली त्याच्यापुढे होत्या. साहजिकच, साली बाहेरून आणल्याचा आरोप झाला आणि त्या तीनदा मोजून घेतल्या गेल्या. हसणाऱ्यांपैकी एकानेही नंतर त्याची माफी मागितली नाही, आणि हे मला आज लिहितानाही टोचते.

पुढच्या वर्षी केळी लहान आली, वेळ वाढवून दिली गेली, आणि त्याचीच रीत पाहून शिकलेल्या एका धिप्पाड मुलाने त्याच्याहून चार-दोन केळी जास्त खाल्ली. वसतिगृहाच्या फलकावर विक्रमवीर म्हणून नाव लागले ते त्या धिप्पाड मुलाचे. केळ्यांचा आकार, मिनिटे, रीत कोणाची, यांतले एक अक्षर फलकावर नव्हते. मित्राची आजची यादी नेमकी तशीच आहे.

२००१ नंतर टेबलाशी उभ्या राहिलेल्या बहुतेक प्रत्येकाने सॉसेज वेगळे काढले आणि पाव भिजवला. मिकी सुडोने २०२४ मध्ये महिलांच्या स्पर्धेत १० मिनिटांत ५१ हॉट डॉग खाल्ले. सरळ आकड्यांच्या हिशेबाने ती कोबायाशीच्या वर बसते, आणि तिच्या ताकदीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण पाव भिजवायचा असतो, हे तिला कोणी आधी शोधून दिले होते, याची नोंद कोणत्या रकान्यात होते? बायकांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते, की २००५ मध्ये स्त्री-पुरुष एकाच टेबलावर खात असताना कोबायाशीच्या ४९ नंतर दुसरा क्रमांक सोनिया थॉमसचा होता. तिने ३७ खाल्ले आणि तिसरा आलेला जोई चेस्टनट ३२ वर राहिला. जेमतेम पंचेचाळीस किलो वजनाची ही बाई! २०११ पासून महिलांची स्पर्धा वेगळी झाली आणि ही आमनेसामने तुलना कायमची मिटली. त्यामुळे बायकांना स्वतःचे विजेतेपद मिळाले हे बरे झाले, असे म्हणणाऱ्यांचे मी ऐकून घेते, पण चेस्टनटच्या शेजारी उभे राहून त्याला हरवण्याची संधी गेली ती गेलीच.

आणि ज्या आकड्यांवर एवढा भरवसा ठेवायचा, ते मोजतात तरी माणसेच. २०१८ मध्ये चेस्टनटचा आकडा आधी ६४ असा जाहीर झाला. मोजणीत काही ताटल्या सुटल्याचे नंतर उघड झाले आणि खरा आकडा निघाला ७४, म्हणजे त्या वेळचा जागतिक विक्रम. तब्बल १० हॉट डॉग हिशेबातून गळतात आणि आपण ७४ आणि ७५ मधल्या एका हॉट डॉगवरून कोण वर, कोण खाली ठरवतो. सालींचा ढीग समोर ठेवून मोजणी केल्यामुळे मला यात हसू येत नाही. गर्दी ओरडत असते, कोणीतरी ढिगाला धक्का देते, आणि आपण कितीवर होतो हे मनाशी पुन्हा घोकावे लागते.

आता जे मान्य करायचे ते करते. २००७ पासून कोनी आयलंडला दोघे एकाच टेबलाशी, एकाच घड्याळावर उभे राहिले तेव्हा चेस्टनट वरचढ ठरला आहे. २००७ मध्ये ६६ विरुद्ध ६३. २००८ मध्ये दोघेही ५९ वर थांबले आणि मग जादा पाच हॉट डॉग आधी कोण संपवतो, यावर निकाल लागला, तोही चेस्टनटच्या बाजूने. २००९ मध्ये ६८ विरुद्ध साडेचौसष्ट. खाणारा म्हणून तो मोठा आहे, आणि हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे.

लास वेगासचा तो सामना मात्र मला वेगळ्या कारणासाठी आठवतो. चेस्टनटच्या ८३ समोर कोबायाशीचे ६६ झाले आणि सगळीकडे लिहून आले की म्हातारा सपशेल हरला. तो तेव्हा ४६ वर्षांचा होता. पाण्याची मुभा असताना, ऐन उमेदीत, कोनी आयलंडच्या १० मिनिटांत त्याने कधीच ६६ गाठले नव्हते. या वयात, कोरड्या पावासह, त्याने ते गाठले. त्याच वर्षी त्याने सांगितले होते की त्याला आता भुकेची जाणीवच होत नाही. हे आठवले की माझा राग जरा निवतो आणि या खेळाबद्दल एवढ्या तावातावाने भांडावे का, असेही वाटून जाते. अशा स्पर्धांमध्ये घास अडकून माणसे दगावली आहेत, हे मी नाकारत नाही. पण ज्याने शरीराची एवढी किंमत मोजली, त्याला निदान यादीत तरी नीट जागा द्यावी.

वसतिगृहातल्या त्या मुलाला मी नंतर फलकाबद्दल विचारले होते. तो चिडलेला मुळीच नव्हता. “त्यांना वेळ जास्त होता, तेवढे खाली लिहा म्हणावे,” इतकेच तो म्हणाला. मी फलक सांभाळणाऱ्यांकडे जाऊन तसे सांगितले, आणि त्यांनी मला ऐकवले की आकडा तो आकडा. आजच्या यादीखालचे वाक्य वाचून अंगाचा तिळपापड का झाला, ते आता कळले असेल.

मित्रा, यादी करायचीच असेल तर तीत मिनिटांचा एक रकाना घाल, पाव भिजवण्याचा एक घाल, आणि त्याआधीचा विक्रम किती होता याचाही घाल. त्या शेवटच्या रकान्यात २०२१ च्या ७६ समोर ७५ येईल आणि २००१ च्या ५० समोर २५. २०२० मध्ये ३९ वर्षांच्या निकालांवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाला १० मिनिटांत फार तर ८३ च्या आसपास हॉट डॉग खाता येतील, असे त्यात निघाले. चेस्टनट त्या हद्दीला जाऊन भिडला, त्याला माझा सलाम आहे. पण २००१ सारखी मजल आज कोणाला मारायची असेल तर त्याला कोनी आयलंडच्या ७६ च्या दुप्पट, म्हणजे १५२ हॉट डॉग खावे लागतील, आणि ते चेस्टनटलाही जमणारे नाही.